फूटभर जास्त मान

सांगलीतल्या आमच्या गल्लीत सगळ्या माड्यांच्या गॅलऱ्या एका रेषेत होत्या आणि त्या तशाच राहाव्यात हे बघणं माझं काम. मी नगरपालिकेत ओव्हरसियर. गॅलरी भिंतीपुढे अडीच फूट, त्याच्यापुढे बोटभरही नाही. लोक मला खडूस म्हणत, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

चौऱ्याहत्तर साली सुभेदार आकाराम पेन्शनीवर आले आणि गल्लीत घर बांधू लागले. त्यांच्या पत्नी मनुबाईंना साडेतीन फुटांची गॅलरी हवी होती.

"वीस वरसं गावाकडं एकलीनं काढली," त्या म्हणाल्या. "आता हितं बसून गणपतीची मिरवणूक बघायची हाय. सायेब, समद्यांच्या गॅलऱ्या मोजल्या हायत का तुमी?"

मला राग आला. "एक जरी पुढे निघाली, तर तुमची साडेतीन मंजूर," मी सगळ्या गल्लीसमोर बोलून बसलो.

गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गवंड्याची दोरी ताणली. ती मधेच एका गॅलरीला अडली. ती गॅलरी माझी होती. अकरा वर्षांपूर्वी माझं घर बांधणारा कोंडीबा गवंडी तिथंच उभा होता. तो लाजत म्हणाला, "सायबाचं घर, म्हून फूटभर मान जादा दिला." स्वतःचं घर मोजायचं माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. गल्ली पोट धरून हसली.

दोरी सोडवायला मनुबाई माझ्या शेजारच्या माडीवर गेल्या. तिथे पाय अधू झालेले विष्णुपंत दिवसभर खुर्चीत बसून असत. मनुबाई बराच वेळ त्यांच्या खुर्चीशी वाकून रस्त्याकडे बघत राहिल्या आणि खाली आल्या.

"पंतांच्या खुर्चीतनं रस्ता दिसतच न्हाई, नुसती तुमच्या गॅलरीची फळी दिसती," त्या म्हणाल्या. "माझी अडीचच करा. आन तुमची कापा."

दुसऱ्याच दिवशी मी करवत लावली.

गणपतीत मनुबाई आपल्या अडीच फुटांत ऐसपैस बसून सगळ्यांना हाका मारत होत्या. मी विष्णुपंतांशेजारी बसलो होतो. मिरवणूक वळणावर दिसली तसे त्यांनी हात जोडले. मला फार लाज वाटत होती.

"अकरा वर्षं बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"अरे नारायणा, तू नियमाचा एवढा पक्का," ते म्हणाले. "मला वाटलं, माझंच घर मागं राहिलंय."