एक स्टॉप जास्त

दुकानदाराने काउंटरवर उजेड मोजायची दोन मीटर ठेवली, तशी तिने पांढरी वाटी बसवलेलं उचललं.

"ते दुसरं घे," बाबा म्हणाले. "चेहऱ्याकडे रोखायचं, की चेहरा कसा आहे ते कळतं."

"मला चेहऱ्यावर पडणारा उजेडच मोजायचाय."

बाबांनी जन्मभर स्टुडिओ चालवला तो अंदाजपंचे, मीटरला हात न लावता, आणि त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. चुकला तो एका तिच्याच बाबतीत, तोही मुद्दाम. लेक सावळी, म्हणून तिच्या प्रत्येक फोटोला एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड. घरातल्या भिंतीवर पिठात लोळून आल्यासारखी एक मुलगी हसत असते. पाहुणे विचारतात, ही कोण?

बाबांचे हात थरथरायला लागले म्हणून आजपासून कॅमेरा तिचा. आत रिळाचे दोनच फोटो उरले होते. त्यातला एक तिने मागून घेतला होता. बाबा, एकदा तरी मला आहे तशी काढा. त्यांनी बरं म्हटलं होतं.

मीटर पारखून बघायला दुकानदाराने दाराशी खुर्ची मांडून दिली. ती बसली. बाबांनी मीटर तिच्या गालाशी धरलं.

"आठ," ते म्हणाले, आणि लेन्सचं कडं आठवर आणलं. मग कॅमेरा डोळ्याला लावता लावता अंगठ्याने ते आणखी एक घर जास्त उजेडाकडे सरकवलं.

तिने ते पाहिलं. फोटो निघाला.

"आता तुम्ही बसा."

त्याच खुर्चीत बाबा बसले, गोरेपान, कॉलर नीट करत. तिने मीटर त्यांच्या गालाशी धरलं आणि काटा त्यांच्यासमोर केला.

"आठ?" बाबा म्हणाले.

"आठच."

बाबांनी मीटरच्या काचेवर टिचकी मारली.

"बिघडलंय का हो हे?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"छे हो. उजेड तोच आहे ना."

तिने कडं आठवर ठेवून त्यांचा फोटो काढला. बाबा घाईघाईने उठले आणि कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला.

"बस गं पुन्हा. या वेळी नीट काढतो."

"रीळ संपलं, बाबा."

दुकानदाराने कपाटातून नवं रीळ काढून काउंटरवर ठेवलं. तिने कॅमेरा पिशवीत घातला.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "फक्त मीटर द्या."