पंगतीतले पाट

रेणापूरच्या डोळे तपासणी शिबिरात सकाळी अकरालाच चंद्रप्रभाचा प्रोग्राम दुसऱ्यांदा बसला. पडद्यावर एकच ओळ : मेमरी शिल्लक नाही.

"अक्का, आणखी एकदा बसला, तर उदगीरच्या शिबिराला मी आपल्या कागदी चिठ्ठ्याच वाटतो," नागप्पा म्हणाले. शिबिर त्यांचं, जुना लॅपटॉपही त्यांचाच.

चंद्रप्रभा सत्तेचाळिशीत लेकीच्या पुस्तकांवरून प्रोग्रामिंग शिकलेली. उदगीर हातचं गेलं की घरचे विचारणार, फिटली का हौस?

तसा प्रोग्राम साधा. माणूस आला की त्याच्यासाठी एक ऑब्जेक्ट तयार करायचा, म्हणजे मेमरीत एक पाट मांडायचा. पाटावर नाव, नंबर, डोळ्यांचे फोटो. पाट मागितला की मिळणारच, हे तिनं धरूनच चाललेलं. पंचवीस जणांची एक यादी, तिचं नाव 'पंगत'. सगळ्यांची तपासणी झाली की पंगत उठायची, पाट मोकळे. घरी दहा नावांवर झकास चाललेलं. मग इथंच पाट कसे संपले?

दुपारी मांडवात जेवणं सुरू झाली. चंद्रप्रभा ताट घेऊन कडेला बसली.

"गुरम्मा, उठवा की पहिली पंगत. बाहेर माणसं ताटकळून राहिली," नागप्पा म्हणाले.

वाढणारी गुरम्मा पळी घेऊन तशीच उभी. "कसं उठवू? संगप्पाअण्णा जेवून राहिले. म्हाताऱ्या माणसाआधी कोण उठंल?"

संगप्पाअण्णांना दात नव्हते; भाकरी आमटीत कुस्करणं निवांत चाललेलं. बाकीचे चोवीस जण वाळल्या हातांनी बसून.

चंद्रप्रभाला हसू फुटलं. तिच्या यादीतही हेच. प्रत्येक पंगतीत कुणी ना कुणी नंबर लावून चहाला गेलेला, आणि त्याच्यापायी तपासून झालेले चोवीस जण पाट अडवून बसलेले. मशीनला शिकवताना तिनं घरचा रिवाजच शिकवला होता.

ताट तसंच ठेवून ती लॅपटॉपकडे गेली. ज्याचं झालं, त्यानं उठावं. आणि पाट मिळालाच नाही, तर प्रोग्रामनं कोलमडू नये. 'थोडं थांबा' म्हणावं.

चार वाजले. तीनशेच्या वर माणसं झाली होती.

"बसला न्हाई की," नागप्पा मागून म्हणाले.

"बसलेली आता उठायला शिकली, नागप्पाअण्णा."

नागप्पा हसले. "मग उदगीरला सकाळी सातलाच या, अक्का."

तेवढ्यात संगप्पाअण्णा नंबर लावायला आले. "जेवायला लई वेळ लावला का गं मी? सगळे बघून राहिले होते."

"न्हाई अण्णा," तिनं पडद्यावर त्यांच्यासाठी नवा पाट मांडला. "बरं झालं लावला ते."