डाव्या हाताची प्रगती

"चिठ्ठीचं तू माझ्यावर सोड. डॉक्टर आणि त्यांच्या चिठ्ठ्या, यातच माझी हयात गेली. मी आत जाऊन नुसता उभा राहतो. चिठ्ठी आपल्या पायांनी बाहेर येते की नाही ते बघ."

दवाखान्याच्या पायरीवर कंपाउंडर सुनेला हे सांगत होते. नोकरी सुटून जमाना झाला होता, तरी सगळे त्यांना कंपाउंडरच म्हणायचे. थोरल्या डॉक्टरांच्या हाताखाली ते डोईभर केस घेऊन लागले आणि टक्कल घेऊन सुटले. गेल्या महिन्यात त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. पाय सोडला, जीभही शाबूत ठेवली (हे सुदैव की दुर्दैव, यावर घरात दोन मतं होती), पण उजवा हात मात्र घेऊन गेला. तो आता गळ्यातल्या पट्ट्यात ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता.

कंपाउंडर आत जाऊन उभे राहिले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, मध्ये उभे नका राहू, मागच्यांना नंबर दिसत नाही. टोकन घ्या."

ज्या खिडकीतून त्यांनी अख्ख्या वस्तीला औषधाच्या बाटल्या दिल्या, तिथं आता काचेची पेटी होती आणि पेटीत एक जाडा मासा तोंडाची उघडझाप करत होता. नंबर येईपर्यंत दोघं एकमेकांकडे बघत बसले.  

थोरले डॉक्टर जाऊन आता त्यांचा मुलगा खुर्चीवर होता. लहानपणी याचं वाहतं नाक आपण आपल्या रुमालानं पुसायचो, ही आठवण कंपाउंडरांनी चार पेशंटांच्या देखत काढली. धाकट्या डॉक्टरांनी कॉम्प्युटरवरून नजर न काढता 'हो का' म्हटलं आणि फिजिओथेरपी लगेच सुरू करा म्हणून सांगितलं. हाताचं असं असतं म्हणे, की सुरुवातीचे महिने सोन्याचे. ते गेले की बोटं आखडून बसतात आणि मग कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. मात्र ज्येष्ठांच्या सरकारी विम्यातून थेरपी हवी असेल तर चिठ्ठी मेंदूच्या डॉक्टरांची लागते. मेंदूच्या डॉक्टरांकडे जायला चिठ्ठी यांची लागते. आणि यांची चिठ्ठी विम्याला चालायला यांचं नाव यादीत लागतं, तर तिथं अजून थोरल्या डॉक्टरांचं नाव होतं. ते बदलून यायला वेळ लागेल. तोवर वडिलांच्या नावानं चिठ्ठी देतो, असं धाकटे म्हणाले.

अशा रीतीनं भिंतीवर हार घालून टांगलेल्या माणसानं कंपाउंडरांना पुढं पाठवलं.

कंपाउंडरांना हात हवा होता तो जेवायला नव्हे, की दाढी करायलाही नव्हे. त्यांच्या बायकोला जुनी शुगर, त्यात डोळे जवळजवळ गेलेले. रोज सकाळी इन्शुलिनचं इंजेक्शन कंपाउंडर द्यायचे. लग्नात दिलं नसेल तेवढं लक्ष त्या सुईला द्यायचे. "तुमचा हात म्हणजे डास बसून उठल्यासारखा," असं बायको म्हणायची. याहून मोठी पदवी कंपाउंडरांना उभ्या जन्मात कुणी दिली नव्हती.

आता मुलगा परगावी नोकरीला, आणि सुनेला सुई दिसली की भोवळ यायची. म्हणून शेजारचे रिटायर हवालदार यायचे. ते स्वतः शुगरवाले, स्वतःला टोचून घ्यायचे, तेव्हा अनुभवी माणूस. पण इंजेक्शन देताना त्यांच्या अंगात जुनी नोकरी यायची. आरोपीला बोलतं करावं तसं टोचायचे आणि वर म्हणायचे, "वहिनी, हलायचं काम नाही." बायकोचं पोट निळंकाळं झालं. ती तक्रार करायची नाही. फक्त सकाळी बेल वाजली की झोपेचं सोंग घ्यायची. एकदा तर मोरीला आतून कडी लावून बसली, आणि इकडे हवालदार दारावर मुठी मारत बाहेर बोलावतायत. कंपाउंडर आपला मेलेला हात मांडीवर घेऊन ते ऐकत बसले.

मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर लागेपर्यंत बरेच दिवस गेले. मोठं इस्पितळ. बाकड्यांना चिकट हात लागून लागून चकाकी आलेली, बेसिनमध्ये कुणीतरी खाकरून ठेवलेलं, आणि वर पाटी: स्वच्छता हेच औषध. डॉक्टरांनी कंपाउंडरांना हात लावला नाही. खिशातलं पेन काढलं, पेनाच्या टोकानं एकेक बोट उचलून पाहिलं आणि सोडून दिलं. मग पेन स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. इतकं निगुतीनं पुसलं की कंपाउंडरांना वाटलं, आता आपल्यालाही पुसून खिशात ठेवतात की काय. चिठ्ठी मिळाली. बरोबर मेंदूच्या फोटोचा रिपोर्ट मिळाला: गुठळी डाव्या बाजूला.

पुढं विम्याची खिडकी. आतला कारकून जिभेला अंगठा लावून कागद उलटायचा. आधीच्या माणसाचे उलटले, मग कंपाउंडरांचे, मग पुन्हा जीभ. कंपाउंडरांना मळमळलं. पण मळमळीला विम्यात वेगळा विभाग असणार, म्हणून त्यांनी पुढचा कागद सरकवला. मंजुरीचा मेसेज मात्र आठवड्यात सुनेच्या फोनवर आला. तो वाचून ती चक्क हसली.

"घ्या बाबा. डाव्या हाताची थेरपी मंजूर."

दोघं पुन्हा खिडकीवर. कारकुनानं रिपोर्ट काढला, जीभ, अंगठा, आणि ओल्या अंगठ्यानंच ओळ दाखवली.

"हे काय. डावी बाजू. डॉक्टरांनीच लिहिलंय."

"ती डोक्याची डावी," सून म्हणाली. "डोक्यात डावीकडे बिघडलं की हात उजवा जातो."

"ताई, हात डोक्याच्या खालीच असतो ना? मग डोकं एकीकडे आणि हात पलीकडे, असं कसं होईल?"

कंपाउंडरांनी डाव्या हातानं उजवा उचलला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "हा बघा. हा मेलाय. हा नाही मेलेला."

"तुमचं बरोबर असेल काका. पण सिस्टीममध्ये डावा मेलाय."

दुरुस्तीचा अर्ज वर जाईल, वरून आणखी वर जाईल, असं त्यानं समजावलं. तोवर आहे ती मंजुरी वापरा. वापरली नाही तर रद्द होते, आणि मग रांगेत पहिल्यापासून. बाहेर आल्यावर कंपाउंडर रस्त्याच्या कडेला थुंकले. असं ते कधी करत नसत. सून म्हणाली, "चला, निदान हे काम तरी डाव्या हातचा मळ ठरलं." मग तिलाच वाईट वाटलं आणि तिनं त्यांचा पट्टा नीट केला.

थेरपीवाली पोरगेलीशी होती. तिनं मंजुरी वाचली, हात पाहिले, पुन्हा मंजुरी वाचली आणि कपाळाला हात लावला. मशीनवर मंजूर झालेलाच हात बसवावा लागतो, आकडे थेट वर जातात आणि खोलीत विम्याचे साहेब फेऱ्या मारतात. पहिले काही दिवस तिनं टेबलाखालून उजवा हात चोळून दिला. साहेबांनी वाकून पाहिलं. हा हात कुणाच्या मंजुरीनं चालू आहे, असं विचारलं. त्यानंतर टेबलाखालचं बंद झालं. घरी करायचे व्यायाम ती हळूच सांगायची, पण मेलेल्या हाताला दुसऱ्याचा जाणता हात लागतो. सून रात्री यूट्यूब लावून चोळायची आणि सासरे 'वर नाही, खाली' म्हणून तिच्यावर डाफरायचे.

तर रोज सकाळी एक धडधाकट डावा हात उपचाराला जायचा. चेंडू दाबायचा, मणी ओवायचा, वजन उचलायचा. पहिल्याच आठवड्यात त्यानं अशी काही प्रगती केली की साहेबांनी येऊन पाठ थोपटली. शेजारच्या खुर्चीवर खरोखर डावा हात गेलेल्या एक बाई बसायच्या. त्या कंपाउंडरांचा द्वेष करू लागल्या.

कंपाउंडरांना या सगळ्याची शिसारी आली होती. एक दिवस त्यांनी मण्यांची वाटी ढकलून दिली आणि आता येणार नाही म्हणून सांगितलं. पोरीनं मणी गोळा केले. घरी इंजेक्शनचं काय चाललंय, हे तिनं सुनेकडून ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं मण्यांच्या जागी एक लिंबू, एक रिकामी सिरिंज आणि पाण्याची वाटी ठेवली.

"डाव्या हातानं काय करायचं, ते नियमात कुठं लिहिलंय? टोचा."

पहिलं लिंबू त्यांनी असं टोचलं की पाणी पोरीच्या डोळ्यात गेलं. दुसरं टेबलावरून पळालं. डावा हात चेंडू दाबण्यात पैलवान झाला होता, पण सुईपुढं अडाणी होता. कंपाउंडर त्याला शिव्या घालायचे, जणू तो नवा नोकर. हळूहळू नोकर शिकला. सुई तिरकी धरायला शिकला, थांबायला शिकला, दट्ट्या अंगठ्यानं सावकाश लोटायला शिकला. घरातली लिंबं संपू लागली.

आणि एका सकाळी हवालदारांच्या बेलच्या आधी कंपाउंडर बायकोच्या पलंगावर जाऊन बसले. सून दारात पाठमोरी उभी. बायको झोपेच्या सोंगात. त्यांनी पोटाची चिमूट धरायला सुनेला बोलावलं. ती डोळे मिटून आली आणि तिनं चुकून त्यांचं कोपर धरलं. मग बायकोनंच चाचपडत आपली चिमूट धरली.

"झालं," कंपाउंडर म्हणाले.

"कधी?"

"आत्ता."

 बायकोनं त्यांचा हात शोधला आणि बोटांवरून बोटं फिरवली. "आज वेगळा लागला."

"डावा आहे."

"असू दे. तुमचाच आहे ना."

बेल वाजली. हवालदारांना दारातूनच चहा पाजून परत पाठवलं. त्यांना जरा लागलं. एवढी सेवा केली आणि साधं कौतुक नाही, असं ते जिन्यात कुणाला तरी सांगत होते.

काही आठवडे बरे गेले. पोटावरचे डाग पिवळे पडून विरले. उजव्या हाताची बोटं मात्र दिवसेंदिवस आत वळत चालली होती, पण कंपाउंडरांनी त्याचा नाद सोडला होता. सिस्टीमनं मारलेला हात जिवंत निघाला आणि त्यानं घर सांभाळलं, याची त्यांना आता मजा वाटायची. विम्यानं डाव्या हाताची केस अभिनंदन करून बंद केली: पेशंट पूर्ण बरा.

तेवढ्यात वरच्याही वर गेलेला दुरुस्तीचा अर्ज मंजूर होऊन खाली आला. उजव्या हाताची तपासणी होईल, ज्येष्ठ लाभार्थीनं स्वतः हजर राहावं, येताना संबंधित हात सोबत आणावा.

जाऊ नका, असं सुनेनं सांगून पाहिलं. कंपाउंडर म्हणाले, सरकारनं चूक मान्य केलीय, ती बघायला तरी जायला हवं. तपासणीला अडचण नको म्हणून विम्याच्या ऑफिसच्या जिन्याखालीच त्यांनी गळ्यातला पट्टा काढून सुनेकडे दिला. जिना नुकताच पुसलेला, म्हणजे खालची घाण फडक्यानं वरपर्यंत नेलेली. वरून ढेकर देत उतरणाऱ्या एका साहेबाला वाट द्यायला ते कडेला सरकले. पाय सरकला. जन्मभराच्या सवयीनं खांद्यानं कठड्याकडे फेकला तो उजवा हात. तो कठड्यावर आपटला, त्यानं काही धरलं नाही. कंपाउंडर डाव्या हातावर पडले.

मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर बसलं. प्लास्टर निघाल्यावर लागणारी थेरपी विम्यानं आधीच नाकारली, कारण डावा हात पूर्ण बरा म्हणून बंद झाला होता आणि बंद केस त्या वर्षात उघडत नाही. उजव्या हाताची तपासणी त्याच दिवशी उरकून घेण्यात आली. बोटं आखडल्यामुळं सुधारणेची शक्यता नाही, असा शेरा पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार आले. सुई वाकली, म्हणून त्यांनी दुसरी घेऊन पुन्हा टोचलं.