पाहणीसाठी लावलेला चुना

बंद पडलेल्या गिरणीच्या मागे जी वस्ती आहे, तिथल्या बायका दुसऱ्यांचे कपडे धुऊन पोट भरतात. दवाखान्याच्या चादरी, खानावळींची टेबलावरची कापडं, लॉजचे टॉवेल, सगळ्या शहराचा मळ इथं येतो आणि पांढरा होऊन परत जातो. गिरणी चालू होती तेव्हा तिनं कामगारांच्या बायकांसाठी एक धुणंघर बांधून दिलं होतं. वर पत्रे, खाली दगडी हौद, कोपऱ्यात कपडे उकळायची भट्टी. पुढे गिरणी गेली, मालक गेले, धुणंघर राहिलं. आणि धुणंघरासोबत मुकादमीण राहिली.

तिला मुकादमीण कुणी नेमलं हे आता कुणाला आठवत नाही, म्हणून तिला काढायलाही कुणी येत नाही. चादरीचे डाग ती हातानं काढते आणि माणसांचे तोंडानं, दोन्ही सारख्याच सफाईनं. एखादीनं चादर पिळून न झटकताच दोरीवर टाकली की ही लांबून म्हणणार, "अगं, चादर आहे ती, नवरा नव्हे. पिळलीस तशीच काय लटकवतेस?"

या धुणंघराला एकच रोग होता आणि तो पोटात होता. खालून जाणारं गटार गिरणीच्या काळचं. वरच्या रस्त्यावर नवी दुकानं उठली आणि त्यांनी आपलं सगळं सांडपाणी त्याच गटारात सोडलं. वर जोर झाला की खाली गटार उलटायचं. हौदाशेजारच्या जाळीतून काळं पाणी वर यायचं, घोट्यापर्यंत चढायचं. बायका गाठोडी कट्ट्यावर चढवायच्या आणि त्याच पाण्यात उभं राहून हातातलं धुणं उरकायच्या.

मागच्या महिन्यात दवाखान्यातून एक गाठोडं परत आलं. चादरींना वास होता. दवाखान्याच्या कोठीवाल्यानं गाडीवाल्याबरोबर निरोप धाडला, पुन्हा असं झालं तर धुणं दुसरीकडे. दवाखाना गेला म्हणजे अर्धं धुणंघर गेलं. मुकादमीणीनं तो निरोप गिळला, गाठोडं घरी नेऊन एकटीनं पुन्हा धुतलं आणि कुणापाशी चकार शब्द काढला नाही. आपल्या हातची चादर परत आली, हे चार बायकांत कुठल्या तोंडानं सांगणार?

अशात वस्तीतल्या शिंप्यानं बातमी आणली. मोडकळीला आलेल्या वस्त्या सुधारायला सरकारनं निधी काढला होता. शिंप्याचं अक्षर चांगलं, त्यामुळे सगळ्यांचे अर्ज तोच लिही आणि सगळ्यांच्या भानगडी त्यालाच ठाऊक.

"नवं गटार आणि नवे पत्रे, दोन्ही मागितलंय," तो म्हणाला. "पण निधी सगळ्यांना पुरायचा नाही. आधी पाहणीला बाई येणार. ज्यांची अवस्था वाईट, त्यांना आधी."

"येऊ दे की," मुकादमीण म्हणाली. "पाहुणी येणार म्हणजे घर आवरायला हवं."

इथंच माशी शिंकली. पण तेव्हा कुणाला ऐकू आली नाही.

मग काय विचारता. सगळ्या वस्तीनं कंबर कसली. हौद घासले, गल्ली धुतली, लांब बांबू घालून गटार मोकळं केलं. भिंतीवर पाणी चढल्याची काळी रेघ होती, तिच्यावर चुन्याचे दोन हात दिले. मागची भिंत पडकी, तर तिच्यापुढे दोरी बांधून पांढऱ्याशुभ्र चादरी टांगल्या. मुकादमीणीची धाकटी सून एकदा म्हणाली, "आई, पण आपण तर दुरुस्तीला मागतोय ना?"

"मागणारानं फाटकं नेसून जावं असं कुणी सांगितलं तुला?" सासूनं तिचं तोंड बंद केलं.

सुनेचं म्हणणं खरं होतं. पण ज्यांचा जन्म डाग काढण्यात गेला, त्यांना डाग दाखवायचा कसा हे कोण शिकवणार?

पाहणीवाली बाई वयानं लहान होती, बोलायला गोड. आल्या आल्या म्हणाली, "आजी, किती स्वच्छ ठेवलंय हो तुम्ही."

"आजी तुमच्या घरी. मला मुकादमीण म्हणतात," म्हातारी म्हणाली, पण मनातून फुलली.

"पाणी वर येतं असं अर्जात लिहिलंय."

सगळ्या बायका मुकादमीणीच्या तोंडाकडे बघायला लागल्या. मुकादमीणीनं चादरींकडे पाहिलं, चुन्याकडे पाहिलं, त्या बाईच्या कोऱ्या बुटांकडे पाहिलं.

"येतं कधीमधी. आम्ही काय पाण्याला भितो? आमचं आम्ही बघून घेतो."

"कामावर परिणाम होतो का त्याचा?"

"माझ्या हातच्या चादरीला कुणी नाव ठेवून दाखवावं."

मागे सून खोकली. शिंप्यानं डोळे मिटून घेतले. पाहणीवाल्या बाईनं हसून लिहून घेतलं, चहा घेतला आणि गेली.

यादी लागली तेव्हा वस्तीचं नाव शोधायला शिंप्याला तळापर्यंत जावं लागलं. त्यानं येऊन धुणंघरात सांगितलं, "वस्ती सुस्थितीत, रहिवासी सक्षम, असा शेरा आहे."

"सक्षम म्हणजे?" भट्टीवालीनं विचारलं.

"म्हणजे तुमचं तुम्ही बघून घ्याल."

कुणी हसलं नाही. शिंप्याचा तोल सुटला. "ताकाला जाऊन भांडं लपवलंत, मुकादमीणबाई. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

एरवी शिंप्याच्या सात पिढ्यांची मापं निघाली असती. त्या दिवशी मुकादमीणीनं हातातली चादर पिळली, झटकली, दोरीवर टाकली आणि घरी निघून गेली.

घरी सुनेनं जेवायला वाढलं आणि समोर बसली. "आई, एक बोलू? रागावणार नसाल तर."

"रागावले तरी बोलणारच आहेस."

"हो. नाक आपलंच आहे, पळून जात नाही. दोन दिवस बाजूला काढून ठेवा. रडल्याशिवाय आईसुद्धा मुलाला पाजत नाही. मग सरकार तर परकंच."

म्हातारीनं ताटातलं संपवलं. मग म्हणाली, "उद्या माझ्या हातचं तू बघ. मला बाहेर जायचंय."

कचेरीत लांबलचक बोळ होता आणि बोळात लांबलचक बाक. शिपायानं काम काय म्हणून विचारलं तर ती म्हणाली, "पाहणीवाल्या बाईंशी खोटं बोलले होते, तेवढं निस्तरायला आलेय." असलं काम घेऊन त्याच्याकडे कधी कुणी आलं नव्हतं. त्यानं तिला सगळ्यांच्या आधी आत सोडलं.

पाहणीवाल्या बाईनं ओळखलं. खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण तुम्हीच म्हणालात ना, तुमचं तुम्ही बघून घेता."

"म्हणाले. खोटं म्हणाले."

"मग आता खरं बोलताय कशावरून?"

प्रश्न झोंबला. पण सरळ होता. मुकादमीणीला सरळ माणसं आवडत.

"खोटं बोलले तेव्हा मान वर होती माझी," ती म्हणाली. "आज खाली घालून आलेय. या वयात माणूस हौसेनं मान खाली घालत नाही."

पाहणीवाल्या बाईनं यादी पुढे ओढली. ती अजून कच्ची होती, साहेबांची सही व्हायची होती, तोवर फेरपाहणी करता येत होती. "पण मी कळवून येणार नाही," ती म्हणाली.

"कळवूच नका. कळवलंत की आमचे हात शिवशिवतात."

परत येऊन तिनं धुणंघरात हुकूम सोडला. आजपासून जे रोज करतो तेच करायचं, जे रोज करत नाही ते करायचं नाही. टांगलेल्या चादरी काढल्या. मग सुरी घेतली आणि भिंतीवरचा चुना स्वतः खरवडायला बसली. काळी रेघ उघडी पडत गेली तसतशा बायका एकेक करून मदतीला आल्या. "आयुष्यभर डाग काढले," भट्टीवाली पुटपुटली, "आता डागावरचा चुना काढतोय. काय काय करायला लावेल ही बाई."

शिंपी युक्ती घेऊन आला. जाळीत पोतं कोंबून ठेवू, म्हणजे बाई कधीही आली तरी पाणी हजर.

"नाही."

"अहो, कुणाला कळणारे?"

"मला कळेल. असलेला डाग झाकायचा नाही आणि नसलेला पाडायचा नाही."

"मुकादमीणबाई, तत्त्वानं गटारं होत नसतात."

"लबाडीनं होतात का ते पाहून झालं की. आता दुसरं करून बघू."

पण नशीब म्हणतात ते असं. पाहणीवाली बाई आली ती भर दुपारी, कोरड्या दिवशी. गटार शहाण्या मुलासारखं गप्प पडलेलं. भट्टी रटरटत होती, बायका धुणं आपटत होत्या. बाईनं जाळीत वाकून पाहिलं, भिंतीवरच्या रेघेवर बोट फिरवलं.

"रेघ आहे खरी. पण रेघ जुनीही असू शकते. पाणी तर आज नाही."

दारात शिंपी उभा होता. बोलला नाही, पण त्याच्या तोंडावर पोतं स्पष्ट दिसत होतं.

मुकादमीणीनं ओले हात पुसले. तिच्या मनात आलं, बाईला घरी न्यावं, दार लावून हळूच सांगावं. मग वाटलं, नाही. दार लावून सांगितलेलं दारातच राहतं.

"धुणं थांबवा गं," ती म्हणाली. आपटण्याचे आवाज बंद झाले. "मागच्या महिन्यात दवाखान्यानं आपलं गाठोडं परत पाठवलं. चादरींना गटाराचा वास होता. पुन्हा वास आला तर काम बंद, असा निरोप आहे. मी तुमच्यापासून लपवलं. बाई, तुम्हाला खात्री करायची तर कोठीवाल्याला विचारा. गाठोडं माझ्या हातचं होतं. ह्यांच्यातल्या कुणाचं नव्हे."

बोलून झाल्यावर तिनं कुणाकडे पाहिलं नाही. हौदाच्या कडेवर हात टेकून उभी राहिली. आता कुणीतरी हसेल, कुणीतरी म्हणेल, आम्हाला शिकवत होतीस ना.

हसलं कुणीच नाही. कोपऱ्यातली टॉवेलवाली, जी वर्षानुवर्षं कुणाच्या अध्यात ना मध्यात, ती पुढे आली. फाटके रबरी बूट काढले आणि पाय पुढे केला. बोटांच्या बेचक्या चिरलेल्या, कातडी पांढरी पडून सुटलेली, टाचेला जखम.

"हे त्या पाण्यानं," ती पाहणीवाल्या बाईला म्हणाली. "कधीच बरं होत नाही. बरं व्हायला लागलं की पुन्हा पाणी येतं."

मग भट्टीवालीनं चपला काढल्या. मग तिच्या शेजारणीनं. बघता बघता हौदाभोवती उघड्या पायांची रांग लागली आणि एकही पाय धड नव्हता.

मुकादमीण बघत राहिली. रोज पहाटेपासून या बायकांबरोबर ती उभी असायची, कुणाच्या चादरीला कुठे सुरकुती आहे हे तिला पाठ, आणि पाय तिनं आज पहिल्यांदा पाहिले.

"मला का नाही सांगितलंत गं?"

टॉवेलवालीनं खाली बघत उत्तर दिलं. "तुम्ही म्हणाला असता, राणीसाहेबांना पाण्यात पाय नको झालाय."

म्हणाली असतीच. मुकादमीण कट्ट्यावर बसली आणि आपलेही बूट काढले. तिचे पाय सगळ्यांत वाईट होते.

पाहणीवाल्या बाईनं लिहायचं थांबवलं होतं. तिनं विचारलं, "डॉक्टरांना दाखवलंत का?"

"दवाखान्याच्या चादरी धुतो की रोज," भट्टीवाली म्हणाली. "तेवढाच आमचा दवाखाना."

ह्यावर मात्र सगळ्या हसल्या. पाहणीवाली बाईसुद्धा, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिनं मान वळवून पुन्हा लिहायला घेतलं. जाताना तिला कुणी चहा विचारला नाही, आठवणच राहिली नाही. पण या वेळी तिनं शब्द न शब्द लिहून नेला.

गटार मंजूर झालं. पत्रे नाहीत. पत्र्यांसाठी पुढच्या खेपेला मागा म्हणाले.

"अर्धंच," शिंपी हळहळला.

"खालचं अर्धं," मुकादमीण म्हणाली. "मागायला आता शिकलोय. वरचं पुढच्या खेपेला. अर्ज आजच लिहायला घे."

खोदकाम सुरू झालं म्हणजे धुणंघर बंद राहणार, हे तिनं स्वतः जाऊन कोठीवाल्याला सांगितलं. वास का आला होता, काम कसं होणार, सगळं. तो कुरकुरला, पण गटार झाल्यावर पुन्हा बघू म्हणाला, आणि तोवर निम्मं धुणं देत राहीन म्हणाला. ते निम्मं तिनं आपल्या घरी आणलं. खाट बाहेर काढली, अंगणात पिंपं मांडली, पुढच्या खोलीत इस्त्रीची टेबलं लावली. सुनेनं विचारलं, "आई, झोपणार कुठे?" तर म्हणाली, "झोपायला काय, आडवं होता आलं म्हणजे झालं."

गल्ली उकरलेली होती, फळीवरून चालत बायका येत होत्या. टॉवेलवाली आली आणि सवयीनं अंगणातल्या पिंपांकडे वळली.

"तिकडे कुठे?" मुकादमीण आतून ओरडली. "पाय बघू."

टॉवेलवालीनं पाय दाखवला. जखम अजून ओली होती.

"आत ये. इस्त्रीवर बस. ते कोरडं पडेस्तोवर पाण्याला शिवायचं नाही."

टॉवेलवाली टेबलाशी बसली, इस्त्री हातात घेतली.

"आणि उपकार केले असं समजू नकोस," मुकादमीण म्हणाली. "चादर जाळलीस तर आहेच मी."