सहा काडतुसं

निघायच्या तासभर आधी मी काडतुसांचं पुन्हा एकदा वजन करून बघितलं आणि तिथंच घोटाळा झाला.

तेरा होती. दहा स्पर्धेची, तीन अंदाज घ्यायची. माझ्या रायफलीला लागतात तसल्या अंगठ्याएवढ्या गोळ्यांचं तयार खोकं ग्रंथपालाच्या पेन्शनीत झेपत नाही. म्हणून टायरच्या दुकानातून मागून आणलेलं शिसं वितळवून मी घरीच गोळ्या ओतल्या होत्या. पितळी पुंगळ्या गेल्या वर्षी नेमबाजांच्या पाठीमागे वाकून वेचलेल्या. तीन वर्षं मी स्पर्धेच्या माळावर दुसऱ्यांचे गुण लिहीत बसलो. यंदा प्रथमच माझं नाव यादीत होतं. सहाशे यार्डांवर निशाण म्हणून उभ्या केलेल्या लोखंडी गव्याला आपली एक तरी गोळी लागावी, एवढीच माझी इच्छा होती.

एक काडतूस किंचित हलकं भरलं. दारू घालायची राहिली असेल तर? गोळी नळीतच अडकते आणि पुढचा बार नळी फोडतो. मी ते ठोकून उघडलं. दारू पुरेपूर होती, पण मऊ शिशाचं टोक चेपून वाया गेलं. मग दुसऱ्याबद्दल शंका आली. मग तिसऱ्याबद्दल.

माझी शेजारीण ओपल हिने बाहेरून गाडीचा हॉर्न वाजवला तेव्हा सात फोडून झाली होती. सातांतही दारू होती. दुर्बिणीतून माझी गोळी कुठे पडते ते ओपल सांगणार होती. टेबलावरचा पसारा बघून तिने उरलेली सहा काडतुसं सरळ आपल्या खिशात टाकली.

"लेलंड, गाडीत बस," ती म्हणाली. "आणि हात मांडीवर ठेव."

माळावर अंदाजाचे बार आम्ही घेतलेच नाहीत; ती एकेक काडतूस हातात देत गेली. पहिली गोळी अलीकडे धुळीत पडली. दुसरी गव्यावरून गेली. तिसरी, चौथी डावीकडे. प्रत्येक बाराला खांदा हलत होता. पाचव्या बारानंतर ओपलने दुर्बिणीवरून डोळा काढला नाही. मग दुरून, बऱ्याच उशिराने, ठण्ण असा आवाज आला.

शेजारच्याची लागली असेल, मी म्हणालो.

"शेजारचा अजून चष्मा पुसतोय. हे घे."

सहावीही वाजली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण सवय नव्हती.

गुण लिहिणाऱ्याने उरलेले चार बार मागितले. मला खरं सांगावं लागलं. दुसऱ्याने भरलेलं काडतूस कुणी आपल्या रायफलीत घालत नाही, त्यामुळे उसनं मागायचाही प्रश्न नव्हता. सगळी रांग हसली. चष्मा पुसणारा रॉइस, तीस वर्षांचा मुरलेला नेमबाज, तेवढा हसला नाही. तो माझ्याकडे सरकला.

"मी गेल्या वर्षी अकरा फोडली," तो हळूच म्हणाला. "घरी सांगितलं, भिजली म्हणून."

मी विचारलं, दारू होती?

"सगळ्यांत," रॉइस म्हणाला.