तेल पाजलेली फळी

मी एक जुनी फळी आहे. सेंटरिंगची. तुम्ही म्हणाल, फळीचं काय ऐकायचं? मग ऐकू नका. पण डोक्यावरचं छत एकदा बघा. ते कडक व्हायच्या आधी लापशीसारखं ओलं असतं मित्रांनो, आणि तेव्हा त्याला माझ्यासारखीच कुणीतरी पाठीवर घेऊन उभी असते. छत वाळलं की आम्हाला पहारीनं उचकटून काढतात. छताला रंग मिळतो, पंखा मिळतो. आम्हाला खिळे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी दोन्ही अंगांनी गुळगुळीत होते, तोंड दिसेल अशी. जहाजातून कतारला आले. समैस्मा गावात समुद्राजवळ व्हिला बांधत होते, तिथे मला पहिल्यांदा रंगनाथनं हात लावला. परभणीकडचा सुतार. एक डोळा मिटून त्यानं माझी कड बघितली आणि म्हणाला, "सरळ हाय. लई दिवस चालंल ही." एवढं कौतुक मला परत कुणी केलं नाही.

दर स्लॅबच्या आधी रंगनाथ मला तेल पाजायचा. फडकं बुडवून, कोपऱ्याकोपऱ्यात. तेल असलं की काँक्रीट चिकटत नाही, फळी अलगद सुटते. तो एकदा सुट्टीवर गावाला गेला आणि दुसऱ्या कुणीतरी घाईत मला कोरडीच लावली. झालं. एका अंगाला काँक्रीट असं धरलं की उचकटताना माझी सालटी निघाली. काँक्रीटचे खडे चिकटून ते अंग कायमचं खरबरीत झालं. रंगनाथ परत आल्यावर मला बघून चिडला. "दोन हात तेल लावाया काय जीव जात होता का रं तुमचा?" पण उपयोग काय? मी भंगारात.

कंपनीच्या ट्रकमधून मी इंडस्ट्रियल एरियातल्या कॅम्पवर आले. पाण्याच्या टाकीमागं टाकलं मला. मांजर येऊन बसायचं, तेवढीच सोबत.

तिथं जाफरनं मला शोधलं.

जाफर युगांडाचा. साइटवर हेल्पर, दिवसभर डोक्यावरून माझ्यासारख्याच फळ्या वाहायचा. गावाकडं त्याचा बाप लग्नांत ढोल वाजवायचा आणि हा नाचायचा. बाप गेला, ढोलवाले पांगले, आई आणि धाकट्या बहिणी याच्या गळ्यात पडल्या. म्हणून इथं आला. पण पाय काही गप्प बसेनात त्याचे. कंपनीची बस संध्याकाळी कॅम्पवर सोडायची, बाकीचे आंघोळीच्या रांगेत पळायचे आणि हा अनवाणी माझ्यावर उभा राहायचा. गुळगुळीत अंग वर करून.

मी आयुष्यभर वजन उचललं, मित्रांनो. पण ते मेलेलं वजन. हे जिवंत होतं. टाच पडली की माझ्या पोटात घुमायचं. मी आतून पोकळ झालेय हे मला तेव्हाच कळलं, आणि पहिल्यांदा त्याचं वाईट वाटलं नाही.

पोरं हसायची. फोरमन मुदस्सिर तर मुद्दाम थांबायचा. "ए डान्सर! कल सिमेंट का बोरी लेके नाचना, काम भी होगा!" जाफरची टाच मग जोरात पडायची. राग मला पायातून समजायचा.

रंगनाथची खोली त्याच टाकीला लागून. एकदा तो तणतणत बाहेर आला. "क्या रे, आदमी को लेटने देगा के नहीं?"

"सॉरी चाचा. थोडा और. खलास, खलास."

रंगनाथ ओरडायला तोंड उघडून तसाच राहिला. पाय बघत. मग शेजारचा तेलाचा रिकामा डबा त्यानं ओढला, मांडीवर घेतला आणि बोटांनी हलगी धरली. पोळ्याला बैलांपुढं वाजते ती. जाफरनं चमकून बघितलं. एकदाच. मग दोघं असे सुटले की मांजर पळून गेलं.

रोजचंच झालं ते. रंगनाथनं सोडाबाटल्यांची झाकणं ठोकून चपटी केली, तारेत ओवली आणि जाफरच्या घोट्याला बांधली. "घुंगरू," म्हणाला. "बोल, घुंगरू." जाफर म्हणाला, "गुंगुरू." रंगनाथ म्हणाला, "चलेगा."

मग कॅम्पवर शुक्रवारचा कार्यक्रम ठरला. गाणी, नाच, बिर्याणी. बघायला दोह्यातल्या अल गराफा भागातल्या आसावरीताई येणार होत्या. मूळच्या नाशिकच्या, पण इथं मुलांना नाच शिकवतात. त्यांना क्लाससाठी एक नाचणारा हवा होता, पगारावर. जाफरला एवढंच कळलं, आणि त्या आठवड्यात तो धड जेवला नाही. फळ्या वाहायच्या की नाचायचं, हे त्या एका नाचावर होतं.

गुरुवारी संध्याकाळी जाफर ओव्हरटाइमला होता. रंगनाथ एकटाच माझ्याजवळ आला. मला पुसलं. वर आलेले खिळे ठोकून बसवले. आणि मग फडकं बुडवून गुळगुळीत अंगाला तेल पाजलं. कोपऱ्याकोपऱ्यात, पहिल्यासारखं. "उद्या पोराचा दिवस हाय बाई," म्हणाला. "कोरडी नगं जाऊस."

मला तोंड असतं तर मी बोंबलले असते.

शुक्रवारी मला सगळ्यांच्या मध्ये मांडलं. तेल जिरल्यासारखं दिसत होतं, नुसतं बघून कळत नव्हतं. जाफर चढला. घुंगरू वाजले. पहिलीच गिरकी, आणि दोन्ही पाय हवेत. कमरेवर आपटला. मुदस्सिर टाळी वाजवून हसला. "हो गया डान्स! यल्ला, चलो, नेक्स्ट!"

जाफरनं तळपाय बघितला. बोटाला लागलेलं तेल बघितलं. मग रंगनाथकडं बघितलं.

रंगनाथ उभा राहिला. हसू थांबलं नव्हतं, त्यात तो मोठ्यानं बोलला, "मेरा गलती है! मैंने लगाया तेल!"

"क्यों चाचा?"

"फळी को लगाते हैं ना... सिमेंट चिपकना नहीं..."

"मैं सिमेंट है क्या?"

कुणी हसलं नाही मग. मुदस्सिरसुद्धा. रंगनाथनं डबा खाली ठेवला आणि दोन्ही कान धरले. जाफर ते बघत राहिला. मला वाटलं, आता हा लाथ मारून जाणार. मी असते तर मारली असती.

तो वाकला, माझी कड धरली आणि मला उलटी केली. ते खरबरीत अंग वर. ज्याची मला लाज वाटायची ते. तळपाय मातीत घासून घासून पुसले आणि म्हणाला, "बजाओ, चाचा."

तिथं पाय घसरत नव्हता. पण तिथं पाय सोलवटत होता. मला कळत होतं कुठं काँक्रीटचा दात लागतोय, कुठं ओलं व्हायला लागलंय. तो थांबला नाही. रंगनाथ डोळे मिटून वाजवत होता, बघवत नव्हतं म्हणून.

संपल्यावर आसावरीताई पुढं आल्या. "पैर दिखाओ," म्हणाल्या. बघितले. स्वतःची ओढणी काढून त्याच्या हातात दिली. "पहले ये ठीक करो. फिर क्लास में आना. मेरी फरशी चिकनी है, पर तेल कोई नहीं लगाता." मग रंगनाथला मराठीत म्हणाल्या, "दादा, हलगी कुठली ही?"

"परभणीकडची, ताई." आणि तो लहान पोरासारखा रडला.

कंपनीनं सोडायला वेळ लावला, पण जाफर गेला. आता तो लाकडी फरशीवर नाचतो. मला न्यायची गरज नव्हती, नेलं नाही. राग आला थोडा. मग गेला.

रंगनाथची कंबर दुखते, म्हणून मी त्याच्या गादीखाली असते. जाफर कधीमधी शुक्रवारी येतो, मोबाइलवर क्लासमधली पोरं दाखवतो. रंगनाथ बघतो आणि माझ्या कडेवर बोटं वाजवतो.

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. जपलं मला. जपणाऱ्यानंच त्या दिवशी जाफरला पाडलं, मायेनं. फळीला तेल लागतं, नाचणाऱ्याला नाही. एवढंच त्यानं आधी पोराला विचारायला हवं होतं. तुम्ही कुणाला जपाल, तेव्हा विचारून जपा.

ते तेल अजून गेलेलं नाही. माझ्याखालच्या खाटेच्या पत्र्याला त्याचा डाग पडलाय. रंगनाथ पुसत नाही तो.