ढब्बूची द्राक्षे

मी एक म्हातारी शुगर ग्लायडर आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा प्राणी कधी पाहिला नसेल, म्हणून आधी माझी ओळख करून देते. मी उंदरापेक्षा थोडी मोठी आणि खारीपेक्षा लहान आहे. अंग करड्या लोकरीसारखे, कपाळापासून पाठीवर उतरलेली एक काळी रेघ, आणि एवढ्याशा तोंडाला न शोभणारे टपोरे डोळे. माझ्या पुढच्या आणि मागच्या पायांच्या मध्ये कातडीचा पातळ पडदा आहे. उंचावरून झेप घेतली की तो ताणला जातो आणि मी हवेत तरंगत जाते. जाते म्हणजे, जात असे. आता माझे मागचे पाय मला पुरेशी साथ देत नाहीत. कपाटाच्या माथ्यावरून पडद्याच्या दांडीपर्यंत मारलेल्या उड्या आता मला झोपेतच मारता येतात.

माझे नाव चिमटी. माझ्या भावाचे नाव ढब्बू. आम्ही दोघे एकाच पिल्लावळीतले. आम्हाला घरी आणले ते आईने. ही आई म्हणजे आमची नव्हे, एका मुलीची. पण घरातले सगळे तिला आईच म्हणत, म्हणून आम्हीही मनातल्या मनात तेच म्हणू लागलो. ती एका औषधांच्या दुकानात कामाला होती. मुलीचे बाबा कुलपे दुरुस्त करीत आणि किल्ल्या बनवीत. खाली त्यांचे एका दारापुरते दुकान, वर दोन खोल्या, आणि त्यातल्या एका खोलीत खिडकीजवळ आमचा उंच पिंजरा.

आम्ही दिवसा झोपतो आणि अंधार पडू लागला की उठतो. त्यामुळे आईने आमच्या जेवणाची वेळ दिवेलागणीची ठेवली होती. कामावरून आल्यावर ती आधी हात धुई आणि मग आमच्या तयारीला लागे. उकडलेले अंडे, गाजर, थोडा हिरवा पाला, पपईची एक फोड. हे सगळे ती इतके बारीक किसून कालवी की त्यातले काय कुठे गेले ते आम्हाला कळू नये. वरून हाडांसाठी डॉक्टरांनी दिलेली पांढरी पूड. ढब्बू फार चोखंदळ. पपई तेवढी काढून घ्यावी म्हणून तो वाटीत नाक खुपसून उकरत बसे. आई कमरेवर हात ठेवून म्हणे, "निवड, निवड. माझ्या हातचं कालवण आहे ते. बघू तुला काय सापडतं!"

ढब्बूला काही सापडत नसे. मग तो कुरकुर करी आणि निमूटपणे सगळे खाई. तो माझ्या वाटीवर डल्ला मारतो हे पाहून आईने आमच्या वाट्याही वेगळ्या केल्या होत्या, एक पिंजऱ्याच्या वरच्या फळीवर आणि एक खालच्या. वाटी रिकामी झाली की शेवटी एकेक सुकवलेली अळी मिळे. ती कुरकुरीत अळी म्हणजे आमची चैन. त्या दिवसांत माझ्या अंगात एवढे बळ होते की मी खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला एका झेपेत जाई आणि मुलीच्या केसांत उतरे.

मग आई आजारी पडली.

आधी तिने कामावर जाणे सोडले, मग जिना उतरणे सोडले, आणि मग जेवण सोडले. तिच्या घशाखाली घास उतरेना. बाबांची थोरली बहीण, म्हणजे मुलीची आत्या, सेवेसाठी येऊन राहिली. आत्या मायाळू होती, पण हट्टी होती. चमच्यात पेज घेऊन ती तासन् तास उशाशी बसे. "एवढा एक घे. बरं, अर्धा घे. लेकीकडे बघून तरी घे." बाबाही तेच म्हणत. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून बघत राही. आई डोळे मिटून तोंड उघडी, आणि थोड्या वेळाने सगळे बाहेर पडे.

एका दुपारी तिने मान भिंतीकडे वळवली आणि म्हणाली, "आता पुरे. बळजबरी करू नका रे माझ्यावर."

बाबांनी हातातला चमचा वाटीत ठेवला. त्यानंतर त्या घरात तिच्यासाठी चमचा उचलला गेला नाही. थोड्याच दिवसांत आई गेली.

ती गेल्यावर काही दिवसांनी मुलगी ताटात सगळे तसेच टाकून उठली. आत्या म्हणाली, "पोरी, अन्नावरून असं उठू नये. बस, संपव."

बाबा एरवी आत्यासमोर मान वर करीत नसत. त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. "ताई, या घरात आता कुणाच्या तोंडात घास कोंबायचा नाही. ज्याला जे हवं ते खाईल. नको असेल तर नाही खाणार."

आत्याने ताट उचलले, आणि आठवडा उलटल्यावर आपल्या घरी निघून गेली.

मित्रांनो, त्या दिवसापासून आमच्या घरात 'नाही' हा शब्द उरला नाही. मुलीला भाजी नको, तर नको. ती दुधात बिस्किटे बुडवून खाई आणि झोपून जाई. आमच्या वाट्याही बाबाच भरू लागले. किसणे आणि कालवणे त्यांना जमत नसे. दुकान बंद करून वर आले की बोटांना पितळेचा बारीक भुगा लागलेला असे. ते हात पुसत आणि फळांचे मोठमोठे तुकडे आमच्यापुढे ठेवत. अंडे एका बाजूला, गाजर एका बाजूला, द्राक्षे एका बाजूला. आता निवडायला आम्हाला कोण अडवणार? आम्ही द्राक्षे उचलली आणि बाकीचे सोडून दिले.

सकाळी वाटीत काय उरले ते बाबा पाहत. "अंडं नको होय? बरं, राहू दे." दुसऱ्या दिवशी अंडे येत नसे. मग गाजर गेले. मग पाला गेला. पांढरी पूड मधात मिसळली तरी ढब्बूला तिचा वास येई, म्हणून तीही गेली. शेवटी उरली ती द्राक्षे, मधाचे पाणी आणि सूर्यफुलाच्या बिया. ढब्बू दोन्ही हातांत द्राक्ष धरून रस चोखी आणि साल थुंकून टाकी. त्याची ती ऐट पाहून बाबांना हसू येई. दिवसभरात त्यांच्या तोंडावर हसू उमटे ते तेवढ्याच वेळी. मग ते आणखी एक द्राक्ष पुढे करीत. मलाही देत. आम्हाला वाटे, आपल्यासारखे सुखी कोणी नाही.

दिवसा आम्ही बाबांच्या गळ्यात अडकवलेल्या कापडी पिशवीत झोपत असू. पिशवी त्यांच्या सदऱ्याच्या आत, अगदी छातीशी असे. बाहेर किल्ली घासण्याचे यंत्र किरकिर करी, गिऱ्हाइके घासाघीस करीत, आणि आत आम्ही एकमेकांच्या शेपटीत तोंड खुपसून पडलेलो असू.

ढब्बू गुबगुबीत दिसू लागला होता. पण त्याच्या उड्या आखूड होऊ लागल्या. आधी दांडी चुकली, मग कपाट चुकले. पिंजऱ्याच्या जाळीवर चढताना त्याचे मागचे पाय थरथरत. बाबा म्हणत, "खाऊन खाऊन सुस्तावलाय लेकाचा." एका संध्याकाळी मुलीने पिंजरा उघडला तेव्हा तो वाटीकडे निघाला होता. पुढचे दोन पाय चालत होते आणि मागचे दोन ओल्या चिंधीसारखे फरफटत होते.

मुलगी किंचाळली. "बाबा! ढब्बूचे पाय मेलेत!"

प्राण्यांच्या डॉक्टरबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी ढब्बूला हातात घेतले, पाय चिमटून पाहिले, कणा चाचपला. मग मला पाहिले.

"काय खातात?" त्यांनी विचारले.

"त्यांना आवडतं ते," बाबा म्हणाले. "द्राक्षं. मध. मी काही कमी पडू दिलं नाही, डॉक्टर."

"तेच झालंय," बाई म्हणाल्या. "पोट भरत राहिलं आणि हाडं उपाशी राहिली. हे प्राणी लहान मुलांसारखे असतात. समोर गोड ठेवलं तर गोडच उचलणार. त्यांना निवडू द्यायचं नसतं."

"आणि ही?" मुलीने माझ्याकडे बोट दाखवले.

"हिचंही तेच होणार आहे. पण हिच्या हातात अजून वेळ आहे."

ढब्बूला सुई टोचली. आम्हाला उंच पिंजऱ्यातून काढून एका बसक्या खोक्यात ठेवले, म्हणजे पडायची भीती नको. अंडे परत आले, पाला परत आला, पांढरी पूड परत आली. नव्या अन्नाची सवय हळूहळू लावा, सुरुवातीला त्यात आवडीच्या फळाचा थोडा रस घाला, पण उपाशी मात्र ठेवू नका, एवढासा जीव उपास सोसत नाही, असे बाईंनी बजावून सांगितले होते. नाहीच खाल्ले तर पातळ करून ड्रॉपरने तोंडात सोडायचे.

ढब्बू खाईना. बाबांनी ड्रॉपर त्याच्या ओठांशी नेला. ढब्बूने तोंड घट्ट मिटले आणि मान वळवली. त्याबरोबर बाबांचा हात थांबला. त्यांना काय आठवले असेल ते तुम्हाला सांगायला नको. त्यांनी ड्रॉपर खाली ठेवला, एक द्राक्ष सोलले आणि बोटाने त्याला भरवले. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशीही तसेच.

ढब्बू गेला तो भर दिवसा, दुकानात, पिशवीमध्ये. यंत्र चालू होते. माझ्या पोटाशी असलेले त्याचे अंग हळूहळू गार होत गेले. मी त्याला हलवले, चाटले, आणि मग ओरडू लागले. आमचे ओरडणे कर्कश असते, पण यंत्रापुढे ते कोणाला ऐकू जाणार? किल्ली पुरी झाली, यंत्र थांबले, तेव्हा बाबांनी सदऱ्यात हात घातला. समोरचा माणूस बोटांनी फळी वाजवत होता. "झाली का हो किल्ली?" तो म्हणाला. बाबांनी त्याला किल्ली दिली आणि शटर अर्धे ओढून घेतले. मग ते जमिनीवर बसले. मुलगी शाळेतून येईपर्यंत ते तसेच बसून होते.

दुकानामागे पाण्याच्या टाकीपाशी थोडी माती आहे. तिथे दोघांनी मिळून ढब्बूला पुरले.

त्यानंतर मी खाणे सोडले. मला अंडेही नको होते आणि द्राक्षही नको होते. पिशवीत एकटीने निजले की पाठीमागे रिकामे रिकामे लागे. माझे डोळे खोल गेले. पाय थरथरू लागले होतेच. एका संध्याकाळी बाबा बोटाला मध लावून आले. मधाचा वास आला आणि मी पहिल्यांदा मान उचलली.

तेवढ्यात मुलीने बाबांचे मनगट धरले. "बाबा, नको."

"अगं, बघ ना, मान उचलतेय. निदान चाटेल तरी. मरेल गं ती उपाशी."

"मधाने पण मरेल. ढब्बू मेला तशी."

"तिला नको आहे बाळा ते दुसरं. किती छळायचं एवढ्याशा जिवाला? आईला पण आपण..."

मुलगी रडत होती, पण तिने मनगट सोडले नाही. "आई बरी होणार नव्हती, बाबा. ही होणार आहे."

बाबांनी खोलीच्या कोपऱ्यात जाऊन बोट पुसले, आणि भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ उभे राहिले.

मुलगी अंडे किसायला बसली. पाला चिरला, पूड घातली, द्राक्षाचा थोडा रस पिळला, पाणी घालून सारे पातळ केले. मला रुमालात गुंडाळून तिने मांडीवर घेतले आणि ड्रॉपर तोंडाशी आणला. मी तिला चावले. अगदी जोरात चावले. तिच्या बोटातून रक्त आले. ती "आई गं!" म्हणाली, बोट तोंडात घातले, आणि पुन्हा ड्रॉपर पुढे केला. मी थुंकले. तिने तोंड पुसले आणि पुन्हा एक थेंब सोडला. "रागव माझ्यावर," ती पुटपुटत होती. "हवं तेवढं रागव. पण गिळ."

तिच्या मांडीला मुंग्या आल्या असतील, पण ती उठली नाही. एक थेंब माझ्या घशाखाली गेला. मग आणखी एक.

बाबा तिच्यासाठी ताट घेऊन आले. ताटात भाजी होती. मुलीने तोंड वाकडे केले. बाबा तिच्याजवळ बसले आणि कितीतरी महिन्यांनी म्हणाले, "तोंड वाकडं केलंस तरी चालेल. पण खा. मी बसतो इथे."

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी नावडते खाल्ले.

मी जगले. पायांत थोडे बळ आले, पण पूर्वीसारखे नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, हिच्या सोबतीला आणखी एक आणा, हे प्राणी एकटे राहत नाहीत. बाबा एकदा एक पिल्लू पाहायला गेलेही होते. रिकाम्या हातांनी परत आले आणि म्हणाले, "त्याला हातात घेतलं, आणि मला भीती वाटली." मुलीने त्यांना पुन्हा विचारले नाही. आता ती मोठी झाली आहे, उशिरा घरी येते. मी बसक्या खोक्यात एकटीच असते. कधी कधी मी ढब्बूला हाक मारते. उत्तर येत नाही, तरी मारते.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा मुका जीव असेल. त्याला काय आवडते ते जरूर पाहा, पण त्याला काय लागते ते आधी डॉक्टरांना विचारून घ्या. तो रुसेल, थुंकेल, कदाचित चावेल. तुम्हाला त्याची दया येईल आणि हात गोडाच्या डब्याकडे जाईल. तो हात आवरा. माझ्या भावाला कोणी उपाशी ठेवले नव्हते आणि कोणी मारलेही नव्हते. त्याला फक्त कोणी 'नाही' म्हटले नाही. ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याला वेळ आली तर 'नाही' म्हणा. आणि म्हटल्यावर लगेच उठून जाऊ नका. त्याच्याजवळ बसून राहा.